रोबॉटचा पेंडंट कुणाच्या हातात जाणार, हे आताच ठरवा

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

मी चाकण एमआयडीसीत गाड्यांच्या सीट-फ्रेम बनवणाऱ्या कंपनीत 19 वर्षं मिग वेल्डर आहे. आमची युनियन कंपनीपुरतीच आहे आणि मी तिचा सरचिटणीस. कायम कामगार 212, कंत्राटी आणि ट्रेनी मिळून त्याच्या जवळपास दुप्पट. दिवाळीनंतर वेल्ड शॉपमध्ये 14 रोबॉट बसणार, असं मॅनेजमेंटने सगळ्यांना गोळा करून सांगितलं. 'एकाचीही नोकरी जाणार नाही' असं एचआर म्हणतात, पण लेखी काही देत नाहीत. आमच्या तीन वर्षांच्या कराराची मुदत चार महिन्यांत संपते आहे.

कमिटीत दोन तट पडलेत. जुने म्हणतात, रोबॉट गेटच्या आत येऊ द्यायचा नाही. तरुण म्हणतात, आडवे आलो तर कंपनी नवं काम गुजरातेत साणंदला नेईल, त्यापेक्षा शिकून घेऊ. कंत्राटी पोरं टपरीवर गाठून विचारतात, 'दादा, आमचं काय?' ती आमची सभासद नाहीत. त्यांना काय सांगू कळत नाही.

माझं स्वतःचं शिक्षण दहावी आणि आयटीआय. वय 43. इंग्रजी स्क्रीन समोर आली की घाम फुटतो. युनियनने नेमकं काय करायचं, आणि मी काय करायचं?

– चाकणचा एक सरचिटणीस

उत्तर

दादा, नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात: कराराची मुदत चार महिन्यांत संपते आहे. माझं सगळं उत्तर तिच्यावरच उभं आहे. रोबॉटसाठी कामगारांना तयार करायचं म्हणजे त्यांना कुठल्यातरी वर्गाला बसवायचं, असं बहुतेकांना वाटतं, आणि ते काम कंपनीवर सोपवून युनियन मोकळी होते. पण कुणाला शिकवायचं, ड्युटीच्या वेळेत की सुटीच्या दिवशी, शिकल्यावर कोणत्या ग्रेडला बसवायचं, ज्याला जमलं नाही त्याला कुठे सामावून घ्यायचं, हे सगळं वाटाघाटीत ठरतं. ते ठरायच्या आत पहिला रोबॉट चालू झाला, तर पुढे युनियनला अर्ज-विनंत्याच करत बसावं लागतं.

त्यामुळे रोबॉटला आत घ्यायचं की नाही, हा कमिटीतला वाद आता थांबवा. दिवाळीनंतर 14 रोबॉट उभे राहायचे असतील, तर ऑर्डर बहुधा गेलेली आहे आणि फिक्स्चरच्या, म्हणजे पार्ट पकडून ठेवणाऱ्या साच्याच्या, ड्रॉइंगवर कुणीतरी बसलेलं आहे. आंतरराष्ट्रीय रोबॉटिक्स महासंघाच्या आकडेवारीनुसार 2023 या एका वर्षात भारतात 8,510 औद्योगिक रोबॉट बसले, आदल्या वर्षापेक्षा 59 टक्के जास्त, आणि त्यात वाहन उद्योग सगळ्यात पुढे होता. एका कंपनीची युनियन गेटवर बसून हा ओघ अडवू शकत नाही. तरीही तुमच्या जुन्या सभासदांना भित्रे किंवा मागासलेले म्हणून कुणी हिणवत असेल, तर ते खपवून घेऊ नका. त्यांची भीती खरी आहे आणि तिला आकड्यांचा आधार आहे. तीच भीती मागणीपत्रात उतरली पाहिजे.

आधी एचआरच्या आश्वासनाकडे वळू. ते तोंडीच का ठेवलं जातं? औद्योगिक विवाद कायदा 1947 मध्ये कलम 9-अ होतं. त्याची जागा आता औद्योगिक संबंध संहिता 2020 च्या कलम 40 ने घेतली आहे. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. कामगार कपात व्हायची शक्यता आहे असा बदल यंत्रसामग्रीत किंवा कामाच्या तंत्रात करायचा असेल, तर मालकाने आधी नोटीस द्यायची आणि नोटिशीनंतर 21 दिवस तो बदल अमलात आणायचा नाही, असा नियम आहे. कपात होणारच नाही असं म्हटलं, की 'मग नोटीस कशाला?' असं विचारायला मालक मोकळा. म्हणून याच आठवड्यात युनियनच्या लेटरहेडवर दोन ओळींचं पत्र द्या: अमुक तारखेच्या सभेत आपण सांगितलंत की रोबॉटमुळे एकाही कामगाराची नोकरी जाणार नाही, हे कृपया लेखी कळवावं. लेखी उत्तर आलं, तर ते नव्या करारातलं पहिलं कलम होईल. उत्तर नाही आलं, तर कलम 40 ची नोटीस मागा आणि त्या पत्राची प्रत सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात आवक-शिक्का मारून ठेवा. दोन्ही वाटांनी तुमच्या हातात कागद येतो.

दुसरं, तुमचा 212 चा आकडा. जुन्या कायद्यात 100 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कपातीआधी सरकारची परवानगी घ्यावी लागायची. नव्या संहितेत ही मर्यादा 300 झाली. तुमच्याकडचे कंत्राटी कामगार या मोजणीत धरता येतील का, हा वकिलाने तपासायचा मुद्दा आहे, आणि कामगार कायद्याचा वकील तुम्ही आताच गाठायला हवा. पण तयारी करताना सरकारी परवानगीचा आडोसा आपल्याला नाही, असंच धरून चला. मग कायद्याने हाती काय उरतं? एक महिन्याची नोटीस, नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार, शेवटी लागलेला आधी जाईल हा क्रम, आणि पुनर्कौशल्य निधीत मालकाने भरायचा आणखी 15 दिवसांचा पगार, जो 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात यायला हवा. तुमच्या 19 वर्षांचा हिशेब केला, तर ग्रॅच्युइटी सोडून जेमतेम दहा महिन्यांचा पगार होतो. हा हिशेब कमिटीतल्या तरुणांसमोर मांडा. 'शिकून घेऊ' एवढ्यावर भागणार नाही, हे त्यांनाही कळेल.

मला मात्र कपातीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची जास्त काळजी वाटते. कुणालाही काढलं जात नाही आणि तरीही माणसं कमी होत जातात. निवृत्त झालेल्याच्या जागी कुणी येत नाही, नोटीस बोर्डावर व्हीआरएसचं, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचं, पत्रक लागतं, आणि कंत्राटाच्या नूतनीकरणात गुपचूप पंधरा डोकी कमी होतात. आपल्याकडच्या बँकांचा अनुभव यासाठी नीट पाहण्यासारखा आहे. साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळाने संगणक आणायचं ठरवलं, तेव्हा कोलकात्यात कर्मचाऱ्यांनी इमारतीबाहेर पहारा ठेवून ते यंत्र अडवून धरलं. बँकांतल्या संघटनांनी पुढे वाटाघाटीचा रस्ता धरला. 1983 मध्ये भारतीय बँक संघाबरोबर, म्हणजे बँक व्यवस्थापनांच्या संघटनेबरोबर, यंत्रीकरणाचा करार झाला, 1993 मध्ये संगणकीकरणाचा. यंत्रं कुठे बसणार, त्यावर काम करणाऱ्याला काय मिळणार, हे चर्चेने ठरलं. आयुष्यभर लेजरमध्ये हाताने नोंदी केलेले कारकून त्यामुळे कीबोर्डवर आले, घरी गेले नाहीत. ही कमाई छोटी नाही. पण त्याच सरकारी बँकांतून 2000-01 च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. खुर्चीवरचा माणूस वाचला, पण तो उठल्यावर ती खुर्चीच कमी झाली.

तुमच्या करारात म्हणून दोन वेगवेगळी कलमं हवीत. एक माणसासाठी: रोबॉटमुळे कुणाची नोकरी, ग्रेड किंवा मिळकत घटणार नाही. मिळकत हा शब्द मुद्दाम घाला, कारण मूळ पगार तसाच ठेवून इन्सेंटिव्ह आणि ओव्हरटाइम आटवता येतो. दुसरं जागेसाठी: वेल्ड शॉप आणि मेंटेनन्स मिळून इतक्या कायम जागा राहतील, आणि निवृत्तीने रिकामी झालेली जागा इतक्या महिन्यांत भरली जाईल. आकडा वाटाघाटीत खाली येईल, पण कलम सोडू नका.

मॅनेजमेंट म्हणेल, ही मागणी जगावेगळी आहे. तेव्हा 1957 सालची 15 वी भारतीय श्रम परिषद पुढे ठेवा. गरजेवर आधारित किमान वेतनासाठी ही परिषद कामगार चळवळीत सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिथेच सरकार, मालक आणि कामगार संघटना या तिघांनी मिळून यांत्रिक सुधारणांसाठीही तत्त्वं मान्य केली होती. असलेल्या कामगारांची कपात नको आणि त्यांची मिळकतही घटायला नको. सुधारणेतून होणारा फायदा समाज, मालक आणि कामगार यांच्यात न्याय्य रीतीने वाटला जावा. कामाचा बोजा दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या तज्ज्ञांनी मोजावा. कायद्यासारखं बंधन त्याला नाही. तरी समेट अधिकाऱ्यासमोर, म्हणजे तंटा मिटवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर, बसल्यावर ते वजनदार ठरतं, कारण त्यावर मालकांच्या प्रतिनिधींचीही संमती होती.

यातलं कामाचा बोजा मोजण्याचं तत्त्व वेल्ड शॉपमध्ये सगळ्यात आधी विसरलं जातं. रोबॉट आल्यावर वेल्डरचा बहुतेक वेळा लोडर होतो. फिक्स्चरवर पार्ट लावायचे, क्लॅम्प मारायचे, दोन्ही बटणं दाबायची, रोबॉट एका बाजूला वेल्ड करत असताना टेबलाच्या दुसऱ्या बाजूला पुढचा जॉब लावायचा. पूर्वी वेल्डर आपल्या चालीने काम करायचा. बीड, म्हणजे वेल्डची रेघ, संपली की हेल्मेट वर करून क्षणभर श्वास घ्यायचा. आता सायकल टाइम, म्हणजे एका जॉबला लागणारा वेळ, रोबॉट ठरवतो, आणि माणूस लावण्यात दोन सेकंद मागे पडला की स्क्रीनवर त्याचं नाव येतं. धूर आणि झळ कमी होते, हा खरा फायदा आहे आणि तो मान्य करा. पण खांदे, कंबर आणि पाय यांचं काम वाढतं. एका माणसाने दोन सेल, म्हणजे रोबॉटच्या कुंपणातल्या दोन जागा, सांभाळायचे, असा फतवा सहा महिन्यांनी निघतो. म्हणून एका कामगाराकडे किती सेल, किती वेळाने जागा बदलायची, टाइम स्टडी, म्हणजे कामाच्या वेळेचं मोजमाप, करताना युनियनचा माणूस हजर असेल की नाही, हे आताच लिहून घ्या.

आता शिकण्याबद्दल, आणि इथे मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण तुमच्या पत्रात तुम्ही स्वतःला फार कमी लेखलं आहे.

रोबॉटचा हात ठरलेल्या बिंदूवर अचूक पोचतो, दिवसातून हजार वेळा पोचतो. पण प्रेसमधून येणारा पार्ट प्रत्येक वेळी तसाच येत नाही. कॉइल बदलली, डाय झिजली, की ट्यूब आणि ब्रॅकेटमध्ये मिलिमीटर-दीड मिलिमीटर फट राहते. तुमच्यासारखा वेल्डर ती फट डोळ्यांनी टिपतो, टॉर्चचा, म्हणजे वेल्डिंगच्या बंदुकीचा, कोन बदलतो, हात थोडा हलवत फट भरून घेतो, आणि हे करताना तो विचारही करत नाही. साधा रोबॉट मात्र शिकवलेल्या रेषेवरून जातो आणि एकतर भोक पाडतो किंवा बीड एकाच बाजूला चिकटते. मग रिवर्कच्या, म्हणजे दुरुस्तीच्या, टेबलावर ढीग लागतो. नव्या लाइनच्या सुरुवातीच्या काळात हे हमखास होतं. त्या वेळी हातात पेंडंट, म्हणजे रोबॉटला शिकवायचा पॅनेल, घेऊन उभ्या असलेल्या डिप्लोमावाल्या पोराला हात कसा हलवायचा ते येतं, पण करंट वाढवायचा की स्पीड कमी करायचा, वायर किती बाहेर ठेवायची, टॉर्च ओढायची की ढकलायची, वीव्ह, म्हणजे टॉर्चला आडवा झोका, किती द्यायचा, हे त्याला कुणाला तरी विचारावं लागतं. आणि ज्याला तो विचारतो, तो बाजूला उभा असलेला लोडरच्या ग्रेडचा जुना वेल्डर असतो.

हे बदलण्याची तुमची मागणी हवी. हा टीच पेंडंट वेल्ड शॉपच्या कायम कामगारांच्या हातात यायला हवा. रोबॉटचा सौदा होतो त्यात पुरवठादाराकडच्या प्रशिक्षणाच्या काही जागाही सहसा असतात. त्या जागा आपसूक इंजिनिअर आणि सुपरवायझरकडे जातात, कारण युनियन त्या मागतच नाही. तुम्ही निम्म्या मागा. प्रशिक्षण ड्युटीच्या वेळेत, पूर्ण पगारी, मराठीतून आणि तुमच्याकडे येणार आहे त्याच मेकच्या रोबॉटवर व्हायला हवं. पास झाल्याचं प्रमाणपत्र कामगाराच्या नावे मिळावं, म्हणजे उद्या दुसरीकडे जावं लागलं तर त्याला ते दाखवता येईल. आणि शिकलेल्याला 'रोबॉट वेल्ड टेक्निशियन' अशी नवी ग्रेड, तिच्या वाढीसकट, करारात लिहून घ्या. ग्रेडशिवाय दिलेलं प्रशिक्षण म्हणजे त्याच पगारात जास्त जबाबदारी.

पुढे कमिटीतले पन्नाशीचे सभासद. त्यांना प्रोग्रॅमिंग शिकायचं नसेल तर जबरदस्ती नको. रोबॉटच्या लाइनलाही टिप बदलणं, नोझल साफ करणं, फिक्स्चरच्या पिना आणि क्लॅम्प सांभाळणं, बीडची तपासणी, रिवर्क, नव्या मुलांना वेल्डिंग शिकवणं ही कामं असतात. यातलं कोणतं काम कुणाला जमेल आणि आवडेल, हे त्यांना एकेकाला विचारा. सरसकट विचारलं तर सगळे 'आम्हाला काही नको' म्हणतील, आणि ते नकार खरे नसतात.

हे विचारण्यासाठी जर्मनीतल्या आयजी मेटाल या धातुकामगारांच्या युनियनची एक पद्धत मला फार उपयोगी वाटते. नॉर्थ राइन-वेस्टफालिया या राज्यात त्यांनी 'आर्बाइट 2020' नावाचा उपक्रम राबवला. कारखान्यातल्या प्रत्येक विभागातल्या कामगारांना बसवून विचारायचं: तुमच्याकडे कोणती नवी यंत्रं आली, कोणती येणार, काम वाढलं की कमी झालं, काय शिकायला लागणार? आणि त्या उत्तरांतून कारखान्याचा रंगीत नकाशा तयार करायचा. जर्मनीत कामगार-परिषदांना कायद्याने माहिती मागण्याचा अधिकार आहे, तो आपल्याकडे तसा नाही. पण नकाशा काढायला कुणाची परवानगी लागत नाही. एक मोठा कागद घ्या, वेल्ड शॉपच्या सगळ्या बूथ आखा, प्रत्येक बूथवर कोण उभा राहतो, त्याचं वय, निवृत्तीला किती वर्षं, काय येतं, काय शिकायचं आहे, हे लिहा. कोणते जॉब रोबॉटवर जाणार याचा अंदाज तुमच्या माणसांना नक्की आहे. सरळ लांब बीडचे आणि जास्त संख्येचे जॉब आधी जातात, अडचणीतले आणि कमी संख्येचे मागे राहतात. मॅनेजमेंटसमोर हा कागद उलगडलात, की चर्चा घोषणांवरून माणसांवर येते. दोन रविवारांत होणारं काम आहे, आणि दोन्ही तटांना एकत्र बसवणारंही.

अमेरिकेतल्या लास वेगासमध्ये हॉटेल कामगारांच्या कलिनरी युनियनने 2018 च्या करारात नव्या तंत्रज्ञानाची 180 दिवस आधी सूचना आणि प्रशिक्षण लिहून घेतलं. आपल्या कायद्यातले 21 दिवस आणि त्यांचे 180 दिवस शेजारी ठेवून पाहा. पुढची खेप मागवण्याआधी सहा महिने युनियनला कळवायचं, हे कलम तुम्हीही मागा, कारण 14 वर कंपनी थांबणार नाही.

कंत्राटी पोरांबद्दल. तुमच्या पत्रातला हाच भाग मला सगळ्यात जास्त लागला, आणि याबाबत मी तुम्हाला सोयीचं काही सांगणार नाही. रोबॉटचा पहिला फटका त्यांनाच बसणार. कंपनीचं 'एकाचीही नोकरी जाणार नाही' हे त्यांना धरून म्हटलेलं नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. करारात फक्त 212 जणांना कवच मिळवलंत, तर कंपनी सगळी घट त्यांच्याकडून वसूल करेल, आणि तुमचं कलम तिला त्यासाठी उपयोगी पडेल.

याचा धडा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांच्या करारात आहे. 1960 मध्ये हॅरी ब्रिजेस यांच्या युनियनने बंदरांच्या यांत्रिकीकरणाला मान्यता दिली आणि बदल्यात मालकांकडून वर्षाला 50 लाख डॉलरचा निधी घेतला, ज्यातून ज्येष्ठ कामगारांना लवकर निवृत्ती आणि किमान मिळकतीची हमी मिळाली. जगभरच्या युनियन या कराराचं उदाहरण देतात आणि ते योग्यच आहे. यंत्राच्या फायद्यातला वाटा रोखीने मागणं त्यांनी दाखवून दिलं. पण लाभ मिळाला तो मुख्यतः पूर्ण नोंदणी असलेल्या कामगारांना. 'बी' यादीतले, म्हणजे पूर्ण नोंदणी नसलेले, तरुण मागे राहिले, तक्रारी साचत गेल्या, आणि 1971-72 मध्ये त्याच बंदरांत एकूण चार महिन्यांहून जास्त संप चालला. तुमच्या वेल्ड शॉपची 'बी' यादी टपरीवर उभी आहे.

काय करता येईल? सगळ्यांना कायम करा ही मागणी ठेवा, पण ती एकटी ठेवू नका. तिच्या खाली मिळण्याजोगं काहीतरी ठेवा: वेल्ड शॉपमध्ये जितक्या वर्षांपासून एखादा मुलगा काम करतो त्या ज्येष्ठतेची यादी युनियनकडे असेल, रिकामी कायम जागा भरताना आधी त्या यादीतून घेतलं जाईल, प्रशिक्षणाच्या जागांपैकी काही त्यांच्यासाठी असतील, कंत्राटदार बदलला तरी माणूस तोच राहील. ही यादी करण्याचं काम तुमचं आहे, कंपनीचं नाही. कंत्राटदार वर्षा-दीड वर्षाला कागद बदलतात, त्यामुळे कुणी किती काम केलं याचा पुरावा कुणाकडेच राहत नाही. पोरांना आपापल्या गेटपासच्या, पीएफ-पासबुकच्या आणि पगार जमा झाल्याच्या नोंदी जपून ठेवायला सांगा. युनियनच्या घटनेत त्यांना सभासद करून घेता येईल का, तेही वकिलाला विचारा. टपरीवर त्यांना खोटा धीर देऊ नका. 'तुमची यादी करतो आहे, तुझे कागद घेऊन ये' एवढं सांगा. ते खरं असेल, आणि तुम्हालाही त्यांच्यासमोर उभं राहता येईल.

सुरक्षेबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, पण त्यावाचून हे उत्तर पुरं होणार नाही. 2015 च्या ऑगस्टमध्ये हरियाणातल्या मानेसरला, तुमच्यासारख्याच वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, 24 वर्षांचा एक कामगार रोबॉटच्या सेलमध्ये मरण पावला. सरकलेला पत्रा नीट करायला तो चालू रोबॉटच्या मागच्या बाजूने आत गेला होता. ही चूक कोणताही कामसू माणूस करेल, कारण उत्पादन अडलं की आपण हात घालतोच. टॉर्चवर काम करताना तीच आपली सवय असते. रोबॉट थांबलेला दिसतो तेव्हा तो बंद असतोच असं नाही. सिग्नलची वाट पाहत उभा असतो, आणि सिग्नल मिळाला की पूर्ण वेगाने फिरतो.

म्हणून पहिला रोबॉट चालू होण्याआधी सेफ्टी कमिटीत तुमचे सभासद हवेत आणि त्यांनी प्रत्येक सेल स्वतः फिरून पाहायला हवा. कुंपणाचं दार उघडलं की रोबॉट थांबतो का? मागच्या बाजूने शिरायला फट आहे का? आत जाणाऱ्याला स्वतःचं कुलूप लावता येतं का, आणि किल्ली त्याच्याच खिशात राहते का? पेंडंटवरचं ते तीन टप्प्यांचं बटण, जे सोडलं किंवा घाबरून घट्ट दाबलं की रोबॉट थांबतो, ते कुणी चिकटपट्टीने बांधून ठेवलेलं नाही ना? शिकवण्याच्या मोडमध्ये वेग सेकंदाला 250 मिलिमीटरपेक्षा जास्त जात नाही ना? आणि इंटरलॉक, म्हणजे दार उघडताच रोबॉट थांबवणारी सोय, बायपास करायला सांगितलं तर नकार देणाऱ्यावर कारवाई होणार नाही, हे करारात हवं. कंत्राटी मुलांना हे प्रशिक्षण कायम कामगारांइतकंच मिळायला हवं. सेलमध्ये कोण कुणाच्या हजेरीपटावर आहे, हे रोबॉटला कळत नाही.

राहता राहिला तुमचा स्वतःचा प्रश्न. इंग्रजी स्क्रीनबद्दल. दादा, करंट, व्होल्टेज, वायर फीड, टॉर्च अँगल, गॅस फ्लो, स्पॅटर हे शब्द तुम्ही 19 वर्षं तोंडी वापरता आहात. पेंडंटवर रोज लागणारे शब्द त्यापेक्षा फार वेगळे किंवा फार जास्त नाहीत: जॉइंट, लिनियर, स्टेप, स्पीड, होम, फॉल्ट, रीसेट. मेकनुसार शब्द थोडे बदलतात. प्रशिक्षण सुरू व्हायच्या आधी मेंटेनन्सच्या एखाद्या ओळखीच्या मुलाकडून त्या मेकच्या स्क्रीनचे फोटो मागवा आणि प्रत्येक शब्दापुढे मराठीत अर्थ लिहून दोन पानांचा कागद करा. तो कागद तुमच्या पूर्ण शॉपला कामाला येईल. युनियनने तोच करून सगळ्यांना वाटावा.

आणि पेंडंट शिकणाऱ्यांच्या पहिल्या यादीत तुमचं नाव घाला. सरचिटणीस म्हणून मागे राहून दुसऱ्यांना संधी द्यावी असं तुम्हाला वाटेल. तसं करू नका. 43 व्या वर्षी, आयटीआयच्या शिक्षणावर तुम्ही तो रोबॉट चालवताना दिसलात, तर कमिटीतले जुने लोक जे तुमच्या दहा भाषणांनी ऐकणार नाहीत ते ऐकतील. शिवाय पुढच्या वाटाघाटीत सायकल टाइमबद्दल कुणी काहीही आकडा फेकला, तर तो खरा की खोटा हे तुम्हाला स्वतःला कळेल. तुमच्याबरोबर पन्नाशीच्या पुढचा एक आणि ज्येष्ठता यादीतला एक कंत्राटी मुलगा, असं तिघांचं पहिलं पथक मागा.

कमिटीच्या सदस्यांना करार आणि नव्या संहिता समजून घ्यायला वर्ग हवे असतील, तर दत्तोपंत ठेंगडी राष्ट्रीय श्रमिक शिक्षण मंडळ 1958 पासून कामगारांसाठी असे वर्ग घेतं. पूर्वी त्याचं नाव केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ होतं. त्यांना युनियनच्या नावाने पत्र लिहून वर्ग मागा.

एचआरला पत्र या आठवड्यात, नकाशा येत्या दोन रविवारांत, मग वकिलाची भेट आणि द्वारसभा. मागणीपत्र कराराची मुदत संपायच्या किमान दोन महिने आधी द्या, म्हणजे पहिला रोबॉट उभा राहायच्या आत वाटाघाटी सुरू झालेल्या असतील. आणि सही करायची वेळ येईल तेव्हा शक्यतो समेट अधिकाऱ्यासमोर करा. तसा करार सभासद नसलेल्या आणि नंतर लागणाऱ्या कामगारांनाही लागू होतो. दोघांनी आपसात केलेला सही करणाऱ्यांपुरताच राहतो. मसुदा तयार झाला की मला पाठवा, एकेक कलम वाचून कळवते.